पंचांच्या घड्याळाची कबुली

टक्!

ऐकलात आवाज? डोक्यावरची कळ दाबली की मी असा बोलतो आणि लगेच धावायला लागतो. मित्रांनो, मी एक जुने स्टॉपवॉच आहे. तळहातात मावणारे, गोल, पितळी पाठीचे. फार बोलायची मला सवय नाही, कारण माझे सगळे आयुष्य दीड-दीड मिनिटांत गेले आहे. पण ते दीड मिनिट कसले असते हे तुम्हांला कळले, तर तुम्हीही श्वास रोखून बसाल.

माझा जन्म दूरच्या एका थंड देशात झाला असे माझ्या पाठीवर कोरलेले आहे. मला त्यातले काही आठवत नाही. मला आठवते ते मलेशियातल्या ईपोह शहरातले म्हाताऱ्या लियोंगचे घड्याळांचे दुकान. कॉफीच्या दुकानाला लागूनच असल्यामुळे भाजलेल्या बियांचा वास दिवसभर आत यायचा आणि मी काचेच्या कपाटात पडून असायचो. एके दिवशी दोरीचा चष्मा लावलेल्या एक ठेंगण्या बाई आल्या. मुलींच्या शाळेतल्या व्यायामशिक्षिका, चिकगू रुबिया. तिकडे शिक्षकांना चिकगू म्हणतात. त्यांनी मला कानाशी धरले आणि लियोंगला एकच प्रश्न विचारला.

"हे किती चुकतं?"

चुकते का, असे नाही. किती चुकते, असे. लियोंग हसला आणि म्हणाला, "दिवसाला तीन सेकंद. आपल्यापेक्षा कमीच." तेवढ्यावर मी विकला गेलो.

तेव्हापासून माझे काम एकच, बीमची वेळ मोजणे. बीम म्हणजे जमिनीपासून माणसाच्या छातीइतकी उंच आणि तुमच्या वितीपेक्षाही अरुंद अशी पट्टी. तिच्यावर मुली कोलांट्या मारतात. तुम्ही तिथे नुसते उभे राहून दाखवा, मग बोलू. मुलीचे पाय उडीच्या फळीवरून सुटले, की टक्. ऐंशी सेकंद झाले की पहिली घंटा, नव्वदला दुसरी. दुसऱ्या घंटेनंतर पाय जमिनीला लागले, तर एक दशांश गुण गेला. मुलगी मध्येच पडली, तर पुन्हा वर चढायला दहा सेकंद. ते दहा सेकंद मी किती वेळा मोजले असतील. खाली पडलेली मुलगी हातांना खडूची पूड लावते, डोळे पुसते, पट्टीकडे बघते, आणि मी चार, पाच, सहा करत पुढे पळत असतो. थांबावेसे वाटते, पण थांबता येत नाही. नवव्या सेकंदाला तिने उडी मारून पट्टी पकडली की माझ्या आतल्या सगळ्या चाकांना एकदम गुदगुल्या होतात. याहून झकास नोकरी कुठल्या घड्याळाला मिळाली आहे? भिंतीवरच्यांना तर मुळीच नाही.

आता मी ज्यांचा, त्यांच्याविषयी सांगतो. पूर्वी आमच्या भागात प्रत्येक क्लब आपापले पंच घेऊन स्पर्धेला यायचा. मग काय, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे. एकदा एक मुलगी बीमवरून तीन वेळा पडली आणि तरी दुसरी आली, कारण पाचातल्या दोन पंच तिच्या मावश्या होत्या. चिकगू रुबिया त्या दिवशी घरी न जाता लियोंगच्या शेजारच्या कॉफीच्या दुकानात जाऊन बसल्या. ओळखीच्या सहा पंचांना त्यांनी तिथे बोलावून घेतले आणि त्या टेबलावर, आमच्या किंता जिल्ह्याच्या नावाने, किंता पंच संघ जन्माला आला. मी साक्षीला होतो, साखरेच्या डब्याशेजारी.

संघ काढणे सोपे, चालवणे म्हणजे बेडूक तराजूत तोलणे. कुणाला शनिवारी जमत नाही, कुणाच्या भाचीचे लग्न निघते. मिस फूंग दातांच्या दवाखान्यात कामाला, त्या दुपारी बारापर्यंत मोकळ्या नसत. अंकल राजू रेल्वेच्या कारखान्यातले निवृत्त मिस्त्री. त्यांची कंबर धरली की त्यांना मऊ खुर्ची लागे, आणि मिळाली नाही तर त्यांची तोंडाची गाडी सुटे. चिकगू दर शुक्रवारी वही घेऊन बसत आणि कोणी कुठल्या टेबलावर बसायचे ते ठरवत. स्वतःची शिष्या किंवा नात्यातली मुलगी खेळणार असेल, तर त्या टेबलावर बसायचे नाही. प्रशिक्षकांच्या पंक्तीला जेवायचे नाही, त्यांच्याकडचे पाणीसुद्धा प्यायचे नाही. आणि दर वर्षी सगळ्यांनी परीक्षा द्यायची. एका वर्षी खुद्द चिकगूच तीन गुणांनी नापास झाल्या. पुढचे दोन महिने त्या मिस फूंगच्या शेजारी उमेदवार म्हणून बसल्या आणि अंकल राजू येता-जाता त्यांना "काय नवीन बाई, जमतंय ना?" असे विचारत राहिले.

पण संघाची खरी गंमत निराळीच होती. स्पर्धा संपली की सगळे पंच चहाभोवती जमत. केळीच्या पानातला नासी लमाक म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेला भात, नारळाच्या वड्या, वाफाळता चहा, सगळे समोर मांडलेले, पण हात कोणी लावायचा नाही. आधी प्रत्येकाने त्या दिवशीची आपली एक चूक सांगायची. एक गिरकी मोजायची राहिली, एका मुलीकडे बघताना मागच्या मुलीचे गुण डोक्यात राहिले, असे काहीही. "आज माझं काहीच चुकलं नाही" असे जो म्हणेल, त्याने सगळ्यांचे कप धुवायचे. नवे पंच पहिल्या दोन-तीन वेळा कप धुवत आणि मग त्यांना चुका आठवायला लागत. अंकल राजू दर वेळी थट्टा करून सुटत. आज हा शर्ट घातला हीच माझी चूक, असे ते म्हणायचे. आणि मी टेबलाच्या मध्यभागी चकचकीत बसून मनात म्हणायचो, आपल्याला कधी काही सांगावे लागत नाही बुवा. मित्रांनो, गर्वाचे घर खाली म्हणतात, ते घड्याळांनाही लागू असते.

शेवटी राज्याच्या क्रीडा समितीने संघाला एक वर्ष दिले. वर्षभर सगळ्या स्पर्धांना तुमचेच पंच, बघू कसे जमते ते. वर्ष संपल्यावर प्रशिक्षकांची सभा भरेल आणि हात वर करून ठरेल, संघ ठेवायचा की पुन्हा आपापले पंच आणायचे. सगळ्यांत मोठ्या क्लबचे कोच अझमी पहिल्या दिवसापासून विरोधात होते. चहा पिणाऱ्यांची मंडळी, असे ते संघाला म्हणत. सारे वर्ष नीट पार पडले आणि शेवटची स्पर्धा उरली. राज्याच्या शालेय संघात सहा मुली घ्यायच्या, त्यांच्या निवडीची. ती निर्विघ्न झाली की चिकगूंचे अकरा वर्षांचे कष्ट फळाला येणार होते.

काय तो दिवस! खच्चून भरलेला हॉल, गाद्यांवर धावणाऱ्या पावलांची धडधड, हवेत खडूची पांढरी धूळ. सकाळी सात वाजता, दवाखान्यातून रजा घेऊन आलेल्या मिस फूंगनी नियमाप्रमाणे मला रेडिओच्या ठोक्यांशी ताडून पाहिले. एक टिचकीही इकडेतिकडे नव्हती. दुपारपर्यंत पाच मुली ठरल्या. सहाव्या जागेसाठी दोघीच उरल्या. हुई शान ही लहानशा गावातल्या लहानशा क्लबची आणि दलीला ही कोच अझमींच्या मोठ्या क्लबची, दोघी बारा वर्षांच्या. दलीलाचे सगळे खेळ झाले होते. हुई शानचा फक्त बीम राहिला होता.

टक्. पाय सुटले, मी सुटलो. ती पोर त्या दिवशी पडायला तयारच नव्हती. उलटी कोलांटी, पाय पट्टीवर घट्ट, हात स्थिर. पन्नास. साठ. ऐंशीला घंटा झाली. तिने शेवटची धाव घेतली, मी नव्वदला पोहोचलो, दुसरी घंटा झाली, आणि त्यानंतर तिचे पाय गादीला लागले. टक्. एक मिनिट एकतीस सेकंद आणि वर दोन बारीक रेघा. एक दशांश गेला. ती दलीलापेक्षा पाच शतांशांनी मागे पडली. फळ्याकडे बघून तिने ओठ चावला आणि कोपऱ्यात जाऊन पिशवी आवरायला लागली. मी मात्र ताठ मानेने बसलो होतो. वेळ म्हणजे वेळ.

मग लहान गटातल्या मुलींच्या जमिनीवरच्या कसरती झाल्या, संगीतावर. त्यांचीही वेळ माझ्यावरच. अझमींच्या क्लबच्या सगळ्या मुली सहा वर्षे एकाच धूनवर खेळत आल्या होत्या. बरोबर शहाऐंशी सेकंदांची ती धून पंचांना झोपेतही पाठ होती. पहिली मुलगी खेळली आणि मी एकोणनव्वद दाखवले. मिस फूंगनी स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिले. दुसरी खेळली, एकोणनव्वद. तिसरी खेळली, एकोणनव्वद. त्यांच्या कपाळावर घाम आला. मला वाटले, गरमीचा असेल.

साडेचार वाजता पंच चहाभोवती जमले. पाच वाजता बक्षिसे आणि सहा जणींची नावे. अंकल राजूंनी नेहमीप्रमाणे शर्टाचे गाऱ्हाणे गायले. मग मिस फूंगची पाळी आली. त्यांनी मला टेबलावर ठेवले आणि हात मांडीखाली दडवले.

"माझी चूक सांगते," त्या म्हणाल्या. "तीन वेळा शहाऐंशीच्या धूनला एकोणनव्वद आले. पहिल्या वेळीच हात वर करायला हवा होता. मी म्हटलं, घड्याळ कसं चुकेल, माझाच अंगठा चुकला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अकरा वर्षांत माझ्याकडे असे कोणी पाहिले नव्हते. अंकल राजूंच्या चेहऱ्यावरचे हसू मात्र पार मावळले. ते हळूच म्हणाले, "चिकगू, माझी चूक शर्टाची नाही. हुई शानच्या बीमआधी, जेवणाच्या सुट्टीत, टेबलावर कॉफी सांडली. मी पुसत होतो, तेव्हा हे उचलून लाउडस्पीकरवर ठेवलं. तासभर तिथंच होतं. आत केवढं लोहचुंबक असतं. मी जन्मभर मिस्त्री, मला कळायला नको?"

लोहचुंबकाशेजारी तासभर बसलो आणि माझ्या पोटातली केसासारखी बारीक स्प्रिंग भारली गेली. मग मी पळत सुटलो, खऱ्या वेळेच्याही पुढे. आणि मला स्वतःला काही म्हणजे काही कळले नाही. आपण बरोबरच आहोत असेच मला वाटत होते. चिकगूंनी ती धून लावली आणि मला अंकल राजूंच्या फोनशेजारी ठेवले. फोनने शहाऐंशी दाखवले, मी एकोणनव्वद. कागदावर हिशेब केला, तर हुई शानचे खरे सेकंद निघाले अठ्ठ्याऐंशी आणि थोडे वर. पोर वेळेत होती. मी तिचा हक्काचा दशांश खाल्ला होता.

पाचला वीस मिनिटे कमी. चहा निवत होता, कोणी हात लावत नव्हते. अंकल राजूंनी चाचरत सुचवले की महिनाभर थांबावे, सभा होऊन जाऊ द्यावी, मग सांगावे. समितीचे एक अधिकारी डोकावले होते, त्यांचेही तेच मत. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे ते म्हणाले. चिकगूंनी मला टेबलावरून उचलले. त्यांची अकरा वर्षे एका पारड्यात होती, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

"उतरताना मुलीचा पाय चार बोटं सरकला, तरी आपण गुण कापतो," त्या म्हणाल्या. "आज आपला पाय सरकलाय. आपले कोण कापणार?"

मला मुठीत धरून त्या निघाल्या. इतक्या भराभर चालताना मी त्यांना कधी पाहिले नव्हते. त्यांच्या मुठीत मला त्यांची नाडी लागत होती, आणि ती माझ्याहूनही जोरात पळत होती. माईकसमोर उभे राहून त्यांनी मला वर धरले, सगळ्यांना दिसेल असे.

"आमच्या घड्याळाने आज तीन सेकंद जास्त दाखवले. हुई शान वेळेत होती. तिचा कापलेला दशांश आम्ही परत देतो. चूक आमची आहे. तिची नाही, आणि दलीलाचीही नाही."

मग कोपऱ्यात पिशवीवर बसलेली एक मुलगी ताडकन उभी राहिली, आणि जो गलका उठला, तो सांगता सोय नाही. हुई शानला तिच्या मैत्रिणींनी उचलून घेतले. माझा जीव मुठीत होता, शब्दशः, आणि तरी मला नाचावेसे वाटत होते.

कोच अझमी गर्दीतून वाट काढत आले. त्यांचा चेहरा उतरला होता. "तुमचा संघ आज संपला, चिकगू," ते म्हणाले. चिकगूंनी नुसती मान हलवली. असेलही, पण निकाल बरोबर लागला, एवढेच त्या बोलल्या आणि पुढे गेल्या, गाद्यांच्या ढिगावर एकट्याच बसलेल्या दलीलाकडे.

"मग माझं काय चुकलं?" दलीलाने विचारले.

"काही नाही. तुझे गुण जेवढे होते तेवढेच आहेत. तिचं होतं ते तिला दिलं."

दलीलाने हात पुढे केला. चिकगूंनी मला तिच्या तळहातावर ठेवले. तिने मला कानाशी धरले, आणि तिच्या गालावरचे पाणी माझ्या काचेला लागले. "याला कळलंच नसेल ना, आपण चुकतोय ते?" ती म्हणाली. मित्रांनो, कोणी मला भिंतीवर आपटले असते तरी चालले असते. मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

महिन्याने सभा भरली. मिस फूंगनी रात्रीपासून काही खाल्ले नव्हते. पंचांना मत नसते, म्हणून ते मागच्या बाकावर बसले होते आणि मी चिकगूंच्या पर्समध्ये. सगळ्यांचे डोळे कोच अझमींकडे, कारण त्यांचा हात जिकडे, तिकडे निम्मी सभा. ते उठले आणि आधी त्यांनी संघाला सणसणीत चार शब्द सुनावले. लाउडस्पीकरवर घड्याळ ठेवणारी मंडळी, माझ्या क्लबच्या मुलीची जागा गेली, वगैरे. चिकगूंनी डोळे मिटून घेतले. मग अझमी म्हणाले, "वीस वर्षांत मी पंचांच्या शंभर चुका पकडल्यात. पकडायच्या आधी सांगितलेली ही एकच. मला ही माणसं आवडत नाहीत. पण माझ्या मुलींना पंच हेच हवेत." आणि त्यांनी हात वर केला. एकामागून एक हात वर गेले. अंकल राजू कंबर विसरून उडी मारून उठले आणि लगेच ओय ओय करत खाली बसले.

म्हाताऱ्या लियोंगने मला दोन मिनिटांत बरे केले. चुंबकपणा उतरवणाऱ्या एका यंत्रावर ठेवून हळूच लांब नेले, बस. पण संघाने बॅटरीवरची दोन नवी स्टॉपवॉच घेतली. यापुढे दर वेळी दोन घड्याळे, असा नियम झाला. नियम चांगलाच होता. मी मात्र खणात गेलो, टाचण्या आणि जुन्या बिल्ल्यांच्या सोबतीला. सहा वर्षे मला कोणी किल्ली दिली नाही. बाहेरून घंटा ऐकू यायची, मुलींच्या पावलांची धडधड ऐकू यायची, आणि मी पुन्हा पुन्हा त्याच दशांशाचा विचार करत बसायचो.

मग एके सकाळी खण उघडला. चिकगूंनी मला पुसले, किल्ली दिली, आणि नेऊन थेट लाउडस्पीकरवर ठेवले. मी मनात ओरडत होतो, नको, नको! तासाभराने त्यांनी मला उचलले आणि नव्या पंचांच्या परीक्षेच्या टेबलावर ठेवले. उमेदवार एकेक करून येत होते. तीच जुनी धून वाजत होती, ते माझ्यावर वेळ घेत होते आणि कागदावर एकोणनव्वद लिहून निघून जात होते. तेव्हा माझ्या ध्यानात आले. मित्रांनो, मी परीक्षेतला प्रश्न झालो होतो!

सातवी उमेदवार अठरा वर्षांची होती. तिने वेळ घेतली, आकडा पाहिला, पण लिहिला नाही. तिने मला कानाशी धरले. तो कान मी लगेच ओळखला.

"चिकगू, हे घड्याळ पुढे पळतंय," दलीला म्हणाली. "आज पुन्हा लाउडस्पीकरवर बसलं होतं का?"

चिकगूंनी चष्मा काढून पुसला आणि तिच्या नावापुढे खूण केली. त्या दुपारी चहाभोवती दलीला पहिल्यांदाच बसली. मी मध्यभागी होतो. फेरा फिरत तिच्यापाशी आला. आज आलेल्या पोरीला कसली चूक आठवणार, कप धुवायला पाठवा तिला, असे अंकल राजू म्हणाले. तिने मला टेबलावरून उचलले.

"माझी चूक जुनी आहे," ती म्हणाली. "त्या दिवशी मला वाटलं होतं, हे कळलंच नसतं तर बरं झालं असतं."

मिस फूंगनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. चिकगूंनी किटली उचलली आणि पहिला कप दलीलासमोर ठेवला. त्या दिवसानंतर माझ्या मनातला दशांश मला कधी टोचला नाही.

तर मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या घड्याळाला अधूनमधून किल्ली द्या, त्याला धुळीत टाकू नका. लोहचुंबकापासून लांब ठेवा, कारण त्याच्याशेजारी बसणारा बिघडतो आणि त्याला ते कळत नाही. आणि त्याच्यावर कितीही जीव असला, तरी रोज सकाळी एकदा विचारा, बाबा रे, आज किती चुकतोस? मला हे विचारणारी माणसे मिळाली, हे माझे भाग्य. चला, हॉलमध्ये मुली जमल्या आहेत. परीक्षेनंतर लियोंगने मला पुन्हा बरे केले, आज दलीलाचा अंगठा माझ्या कळीवर आहे, शेजारी दुसरे घड्याळही आहे. फळीवरून पाय सुटले.

टक्!